एक इमारत, दोन शाळा, एक घंटा : आभासी मशीनमधल्या इंटरप्ट कंट्रोलरला पत्ता कसा देतात?



एरवी आपण इथे अपूर्णांक, वाचनाची तयारी, परिसर अभ्यास असे विषय घेतो. आज मात्र थेट ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात शिरायचं आहे. घाबरू नका. चौकटीची वही, कात्री आणि चौथीचा गुणाकार एवढं साहित्य पुरेल.

आधी हा विषय का निवडला ते सांगते. दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चौथीत माझ्या वर्गात होता, आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चहा झाला, गप्पा झाल्या आणि मग हळूच म्हणाला, "मॅडम, मला वाटतं मी चुकीच्या शाखेला गेलो. सेमिनारचा विषय पाठ झालाय, पण कोणी 'का' विचारलं की तोंडातून शब्द निघत नाही." विषय होता लिनक्स कर्नलमधला आभासी इंटरप्ट कंट्रोलर आणि त्याचं मेमरी मॅपिंग.

मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका. यातलं मला काहीच येत नव्हतं. पण 'का' विचारणं हे तर आपलं रोजचं काम. मग चार संध्याकाळी आम्ही बसलो. तो कर्नलचे कागद आणि कोड वाचायचा, मी प्रश्न विचारायचे आणि तो मराठीत उत्तर द्यायचा. त्या चार बैठकींचा हा पाठ आहे. तुमच्या घरातलं किंवा ओळखीतलं एखादं मूल अशाच विषयाशी झगडत असेल, तर त्याच्यासोबत वाचा.

या पाठातून काय समजेल?

१. इंटरप्ट आणि इंटरप्ट कंट्रोलर म्हणजे काय.
२. आभासी मशीनला कोणता भाग थेट हाताळू द्यायचा आणि कोणता नजरेखाली ठेवायचा.
३. पत्ता कोण ठरवतो, कोण तपासतो आणि तपासणी चुकली तर काय होतं.

१. पूर्वज्ञान : दारावरची चिठ्ठी

तुम्ही वर्गात शिकवत आहात. ऑफिसातून कधीही परिपत्रक येऊ शकतं. एक मार्ग असा की दर दोन मिनिटांनी दाराशी जाऊन कोणी आलंय का ते बघायचं. असं केलं तर शिकवणार कधी? दुसरा मार्ग म्हणजे शिपाई मामांनी दार वाजवायचं. मग आपण काय करतो? पुस्तकात बोट ठेवतो, चिठ्ठी हातात घेतो, काम करतो, 'मिळाली, झालं' म्हणून सही करतो आणि बोट ठेवलेल्या ओळीपासून पुन्हा सुरू करतो.

संगणकाचा प्रोसेसर हेच करतो. कळ दाबली गेली, नेटवर्कवरून माहिती आली, टायमर संपला की संबंधित उपकरण 'जरा इकडे बघा' अशी हाक देतं. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम जिथे आहे तिथे खूण करून ठेवतो, हाक स्वीकारतो, काम करतो, संपल्याचं कळवतो आणि मूळ कामावर परततो.

आता हाका शेकडो आणि प्रोसेसर चार-आठ. कोणाची हाक आधी, ती कोणत्या प्रोसेसरकडे, कोणती सध्या बंद ठेवायची हे ठरवायला मध्ये कोणीतरी लागतंच. तो म्हणजे इंटरप्ट कंट्रोलर, आपले शिपाई मामा. मोबाईलमध्ये आणि आता बऱ्याच सर्व्हरमध्येही असलेल्या आर्म प्रोसेसरसाठी जो प्रमाणित कंट्रोलर आहे, त्याला जेनेरिक इंटरप्ट कंट्रोलर, थोडक्यात 'गिक' म्हणतात. त्यात प्रत्येक हाकेला क्रमांक असतो. ० ते १५ क्रमांक एका प्रोसेसरने दुसऱ्याला हाक मारण्यासाठी, १६ ते ३१ प्रत्येक प्रोसेसरच्या खासगी हाकांसाठी आणि ३२ ते १०१९ सगळ्यांच्या सामाईक उपकरणांसाठी. क्रमांक सांगितला की हाक कोणत्या गटातली ते लगेच कळतं, अगदी हजेरी क्रमांकासारखं.

२. पत्ता म्हणजे नुसती साठवणूक नव्हे

संगणकाची मेमरी आपण मुलांना शिकवतो तेव्हा घर क्रमांकांच्या ओळीचं उदाहरण देतो. ५ क्रमांकाच्या घरात वस्तू ठेवा, नंतर त्याच घरातून परत घ्या. हे बरोबरच आहे, पण अपुरं आहे. त्याच ओळीत काही घरं अशी असतात की तिथे साठवणूक होतच नाही. ती कार्यालयं असतात. तिथल्या खिडकीत चिठ्ठी टाकली की आत काम घडतं. उपकरणाची रजिस्टरं अशा पत्त्यांवर ठेवण्याच्या पद्धतीला मेमरी मॅपिंग म्हणतात.

गिकची दोन उदाहरणं पाहू. पहिलं : 'हाक चालू करा' आणि 'हाक बंद करा' यांसाठी दोन वेगवेगळ्या खिडक्या आहेत. चालूच्या खिडकीत १ लिहिला की ती हाक चालू होते, ० लिहिला की काहीच होत नाही. बंदच्या खिडकीत १ लिहिला की ती बंद होते. एकच खिडकी का नाही? समजा दोन शिक्षक एकाच वेळी एकच हजेरीपट घरी नेऊन पुन्हा लिहून आणतात. ज्याचा कागद शेवटी येईल तो दुसऱ्याच्या खुणा पुसून टाकेल. वेगळ्या खिडक्या असल्या की ज्याला जेवढं बदलायचं तेवढंच तो लिहितो, बाकीच्यांच्या खुणांना धक्का लागत नाही.

दुसरं उदाहरण अजून गमतीचं आहे. 'आता कोणती हाक?' या खिडकीतून नुसतं वाचलं, तरी ती हाक स्वीकारली गेल्याची नोंद होते. म्हणजे इथे वाचणंही एक कृती आहे. म्हणूनच अशी घरं साध्या मेमरीसारखी कोणालाही उघडी टाकता येत नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

३. एका इमारतीत दोन शाळा

शहरात महापालिकेच्या एकाच इमारतीत दोन-दोन, तीन-तीन शाळा भरतात हे आपल्याला माहीत आहे. प्रत्येक शाळेचे मुख्याध्यापक वेगळे, हजेरीपट वेगळे. दोन्ही शाळांच्या कागदावर 'खोली क्रमांक ३' आहे. पण इमारतीत प्रत्यक्षात ती एक खोली तळमजल्यावर आणि दुसरी वरच्या मजल्यावर. कोणाची ३ म्हणजे कुठली खोली, याचं एक रजिस्टर इमारत सांभाळणाऱ्याकडे असतं.

आभासी मशीन म्हणजे अशीच शाळा. एका खऱ्या संगणकात अनेक आभासी मशीन चालतात आणि प्रत्येकाला वाटतं की सगळा संगणक आपलाच. इमारत सांभाळणारा म्हणजे हायपरव्हायझर. लिनक्समध्ये हे काम कर्नलमधला केव्हीएम नावाचा भाग करतो. कर्नल म्हणजे इथे सैन्यातले कर्नल नव्हेत, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. केव्हीएम लिनक्समध्ये २००७ साली आला आणि आर्म प्रोसेसरसाठी २०१३ साली. आर्मवरच्या कामाची सुरुवात कोलंबिया विद्यापीठातल्या क्रिस्टोफर डॉल आणि जेसन निए यांच्या संशोधनातून झाली.

आभासी मशीन ज्याला 'माझा पत्ता' समजतं, त्यावरून खरा पत्ता काढायला प्रोसेसर दुसऱ्या टप्प्याचा तक्ता वापरतो. तो तक्ता फक्त हायपरव्हायझर लिहितो. त्यात तीन गोष्टी घडू शकतात :

- पत्ता साध्या मेमरीकडे जोडलेला असेल, तर आभासी मशीन थेट पुढे जातं. कोणालाही विचारावं लागत नाही.
- पत्ता एखाद्या खऱ्या उपकरणाकडे जोडलेला असेल, तर तेही थेट त्या उपकरणाशी बोलतं.
- पत्ता कुठेच जोडलेला नसेल, तर प्रोसेसर तिथेच थांबतो आणि हायपरव्हायझरला बोलावतो. कोणता पत्ता होता, वाचायचं होतं की लिहायचं, किती बाइट, हे तोच सांगतो. हायपरव्हायझर मग उपकरणाचं सोंग घेऊन उत्तर देतो.

तिसऱ्या प्रकाराला ट्रॅप म्हणतात. सोपं करायचं तर : दार बंद, दारावर माणूस बसलेला.

४. कोणतं दार उघडं, कोणतं बंद?

इथे माझी पहिली चूक झाली. मी म्हटलं, "अरे, मग सोपं आहे. सगळीच दारं बंद ठेवायची. सगळं नजरेखाली, म्हणजे सुरक्षित."

तो हसला. "मॅडम, प्रत्येक मुलाने पाणी प्यायला जाताना मुख्याध्यापकांची सही आणायची ठरवली तर?"

खरंच की! एका ट्रॅपला प्रोसेसरची हजारो चक्रं खर्च होऊ शकतात. प्रत्येक हाकेला किमान दोन गोष्टी कराव्याच लागतात : स्वीकारणं आणि संपल्याचं कळवणं. सेकंदाला हजारो हाका आल्या तर प्रत्येक वेळी दोन ट्रॅप म्हणजे मशीन त्यातच दमणार.

म्हणून गिकच्या दुसऱ्या आवृत्तीत कंट्रोलरचे भाग कसे आहेत ते पाहू :

- वाटप विभाग. कोणती हाक चालू, तिचं प्राधान्य काय, ती कोणत्या प्रोसेसरकडे, हे सगळं इथे ठरतं. हा भाग सगळ्यांचा मिळून एकच.
- प्रोसेसरची खिडकी. हाक स्वीकारा, संपल्याचं कळवा. ही प्रत्येक प्रोसेसरची आपापली.
- आभासी खिडकी. प्रोसेसरच्या खिडकीसारखीच दिसणारी, पण आभासी मशीनसाठी हार्डवेअरमध्येच बनवलेली.
- हायपरव्हायझरचा विभाग. आभासी खिडकीत कोणत्या हाका दिसाव्यात ते इथून भरायचं. भरायच्या रकान्यांना लिस्ट रजिस्टर म्हणतात. गिक-४०० या चिपमध्ये ते प्रत्येक प्रोसेसरला फक्त ४ असतात.

आता निर्णय. वाटप विभागात मशीन सुरू होताना बरीच लिहालिही होते, नंतर क्वचित. शिवाय तिथली खरी रजिस्टरं बदलली तर शेजारच्या मशीनच्या हाकाही बदलतील. म्हणून ते दार बंद : तक्त्यात जोडायचंच नाही. आभासी मशीन तिथे गेलं की ट्रॅप होतो आणि कर्नल त्या मशीनच्या स्वतःच्या आभासी वाटप विभागात नोंद करतो.

प्रोसेसरच्या खिडकीशी मात्र सतत काम. म्हणून आभासी मशीनला जिथे प्रोसेसरची खिडकी अपेक्षित आहे, त्या पत्त्यावर कर्नल हार्डवेअरची आभासी खिडकी जोडून देतो. दोन्हींची रचना सारखीच असल्याने मशीनला फरक कळत नाही. स्वीकारणं आणि संपवणं ट्रॅपशिवाय होतं, आणि तिथून फक्त स्वतःच्या हाकांनाच हात लागतो.

थोडक्यात निकष असा : जे वारंवार लागतं आणि ज्याने फक्त स्वतःवरच परिणाम होतो, ते मोकळं द्यायचं. ज्याने इतरांवर परिणाम होतो, ते नजरेखाली ठेवायचं. पालकांनो, हा निकष घरातही चालतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

पूर्ण समाधान झालं असं नाही हं. या आवृत्तीत एका प्रोसेसरने दुसऱ्याला हाक मारायची तर वाटप विभागातच लिहावं लागतं, म्हणजे ट्रॅप होतोच. निकषात न बसणारी गोष्टही असते, हे मुलांना सांगावं.

५. पत्ता कोण ठरवणार?

आता मुख्य प्रश्न. आभासी मशीनच्या नकाशात वाटप विभाग कोणत्या पत्त्यावर असावा? कर्नलने स्वतःच एक पत्ता ठरवून टाकला तर?

ते जमत नाही. कारण आभासी मशीनचा पूर्ण नकाशा कर्नलला माहीत नसतो. तो वरचा प्रोग्राम बनवतो, उदाहरणार्थ क्यूईएमयू. रॅम कुठे, सिरियल पोर्ट कुठे, घड्याळ कुठे हे तोच ठरवतो आणि आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमला तसं वर्णन देतो. नव्या शाळेत वर्गांची मांडणी मुख्याध्यापक करतात, पण खोली वापरायला योग्य आहे का हे इमारत सांभाळणारा तपासतो, तसंच हे. वरचा प्रोग्राम सुचवतो, कर्नल तपासतो.

हे बोलणं तीन पायऱ्यांत होतं :

१. 'या मशीनसाठी गिक तयार कर.' कर्नल एक हँडल देतो.
२. 'वाटप विभागाचा पत्ता हा, खिडकीचा पत्ता हा.' प्रत्येक पत्ता गट आणि प्रकार सांगून स्वतंत्रपणे द्यायचा.
३. 'झालं, आता सुरू कर.'

सुरुवातीला केव्हीएममध्ये आर्मसाठी पत्ता देण्याची एक खास, अरुंद सोय होती. उपकरणाचा प्रकार आणि पत्त्याचा प्रकार एकाच आकड्यात कोंबून पाठवायचा. थोड्याच काळात कोणत्याही उपकरणाला चालेल अशी सर्वसाधारण पद्धत आली आणि जुनीला 'आता वापरू नका' असा शेरा मिळाला. पण काढून टाकली नाही. का? कारण तिच्यावर विसंबून लिहिलेले प्रोग्राम जगात असू शकतात आणि वरच्या प्रोग्रामला दिलेला शब्द मोडायचा नाही, हा लिनक्सचा जुना नियम आहे. म्हणून अशी सोय बनवताना खूप विचार करावा लागतो. आत कसं काम करायचं ते नंतर बदलता येतं, पण बाहेर दिलेला शब्द पाळावाच लागतो.

६. कर्नल काय काय तपासतो?

हा भाग मला फार आवडला, कारण वही तपासण्यासारखाच आहे. पत्ता आला की कर्नल क्रमाने विचारतो :

- आधीच पत्ता दिलाय का? असेल तर 'आधीपासून आहे' हा दोष परत. पत्ता एकदाच द्यायचा.
- ओळीत बसतो का? दुसऱ्या आवृत्तीत पत्ता ४ केबीच्या पटीत हवा, तिसऱ्या आवृत्तीत ६४ केबीच्या पटीत. नसेल तर 'अवैध'.
- बेरीज उलटी फिरते का? पत्ता अधिक आकार ही बेरीज सर्वांत मोठ्या संख्येच्या पुढे गेली, तर संगणकात ती शून्याकडे वळते. गाडीचं मीटर ९९९९९ नंतर ००००० होतं तसं. बेरीज मूळ पत्त्यापेक्षा लहान आली की समजायचं, गडबड आहे.
- मशीनच्या मर्यादेत आहे का? नेहमीची मर्यादा ४० बिट, म्हणजे १ टीबी. बाहेर गेला तर 'फार मोठा'.
- दोन विभाग एकमेकांवर चढतात का? चढत असतील तर नकार.

इथे दोन गोष्टी मुलांना जरूर दाखवा. पहिली, प्रत्येक चुकीला वेगळं उत्तर आहे. नुसता लाल फुलीचा शेरा नाही, कुठे चुकलं ते कळतं. दुसरी, 'अजून पत्ता दिलेला नाही' हे दाखवायला कर्नल शून्य वापरत नाही, उणे एक वापरतो. कारण शून्य हासुद्धा एक खरा पत्ता आहे. परीक्षेत शून्य गुण मिळणं आणि परीक्षेला गैरहजर असणं यात फरक असतो ना? गुणपत्रकात आपण गैरहजर मुलापुढे शून्य लिहीत नाही.

७. खरा धोका : न कापलेली पट्टी

आता चौकटीची वही काढा. एका ओळीत १६ चौकटी मोजा. प्रत्येक चौकट ४ केबी, म्हणजे पूर्ण पट्टी ६४ केबी. चौकटींना ० ते १५ क्रमांक द्या आणि गिक-४०० चे भाग रंगवा :

- चौकट १ : वाटप विभाग, लाल.
- चौकट २ व ३ : खऱ्या प्रोसेसरची खिडकी, निळी.
- चौकट ४ व ५ : हायपरव्हायझरचा विभाग, काळा.
- चौकट ६ व ७ : आभासी खिडकी, हिरवी.

आभासी मशीनला फक्त हिरवा भाग द्यायचा आहे. पण तक्त्यात मेमरी जोडली जाते ती पानापानाने. अर्धं पान जोडता येत नाही. कर्नल ४ केबीचं पान वापरत असेल तर काम सोपं : कात्रीने चौकट ६ आणि ७ कापा आणि द्या.

पण काही सर्व्हरवर कर्नल ६४ केबीचं पान वापरतो. मग तुमच्याकडे कात्रीच नाही. द्यायची तर पूर्ण पट्टी! हिरव्यासोबत लाल, निळा आणि काळा भागही त्या मशीनच्या हातात जाणार. ते मशीन मग खऱ्या वाटप विभागात लिहून शेजारच्या मशीनच्या, अगदी मुख्य संगणकाच्या नेटवर्क कार्डाची हाकसुद्धा बंद करू शकेल. एका भाडेकरूला खोलीची किल्ली द्यायला गेलो आणि मुख्य फ्यूजच्या खोलीची किल्लीही त्याच जुडग्यात गेली, असं होईल.

हे करून दाखवल्यावर माझा विद्यार्थी बराच वेळ पट्टीकडे बघत बसला. म्हणाला, "मॅडम, 'पानाच्या सीमेवर पत्ता हवा' हे वाक्य मी वीस वेळा पाठ केलं होतं. ते का हवं ते आज कळलं."

केव्हीएम यावर काय करतो? आभासी खिडकीचा खरा पत्ता आणि आकार दोन्ही पानाच्या पटीत आहेत का ते तो तपासतो. पूर्वी बसत नसेल तर तो साफ नकार द्यायचा, आभासी गिक मिळायचाच नाही. नंतर चांगली सुधारणा झाली : 'ही जुळणी असुरक्षित आहे, म्हणून ट्रॅप वापरतोय, वेग कमी होईल' असा संदेश नोंदवून कर्नल हिरवं दारसुद्धा बंद करतो आणि प्रत्येक वेळी स्वतः उत्तर देतो. मशीन हळू चालतं, पण चालतं आणि शेजाऱ्याला धक्का लागत नाही. वेग आणि सुरक्षितता यांत निवड आली तेव्हा वेग सोडला, आणि तो सोडल्याचं लपवलंही नाही.

८. १२४ वा प्रोसेसर कुठे बसवायचा?

गिकच्या दुसऱ्या आवृत्तीत जास्तीत जास्त ८ प्रोसेसर बसतात. तिसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा गेली. प्रोसेसरची खिडकी आता पत्त्यावर राहिलीच नाही, ती थेट प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरांत गेली. म्हणजे पट्टी कापायचा प्रश्न मुळातून सुटला. पण प्रत्येक प्रोसेसरला पुनर्वाटप विभाग नावाचा स्वतंत्र भाग मिळाला. त्याचा आकार ६४ केबीची दोन घरं, म्हणजे १२८ केबी.

आता क्यूईएमयूच्या 'व्हर्ट' नावाच्या आभासी बोर्डाचा नकाशा बघा. वाटप विभाग १२८ एमबीवर. पुनर्वाटप विभागांची रांग १२८ एमबी अधिक ६४० केबीपासून. आणि १४४ एमबीवर सिरियल पोर्ट. मुलांना गणित घाला :

मोकळी जागा = १६ एमबी वजा ६४० केबी = १६३८४ − ६४० = १५७४४ केबी.
१५७४४ ÷ १२८ = १२३.

बाकी शून्य! १२३ प्रोसेसर बरोबर बसतात. १२४ वा आला तर सिरियल पोर्टच्या घरात घुसेल.

सुरुवातीच्या सोयीत पुनर्वाटप विभागांचा एकच पत्ता देता यायचा आणि सगळे विभाग सलग असावे लागायचे. सिरियल पोर्ट हलवावा, तर जुना नकाशा गृहीत धरणाऱ्यांचं बिघडणार. म्हणून २०१८ साली लिनक्स ४.१८ मध्ये नवी सोय आली : एकापेक्षा जास्त तुकडे द्या. पहिला तुकडा जुन्या जागी, दुसरा रॅमच्याही वर. त्याच वेळी प्रोसेसरची कमाल संख्या ५१२ झाली. जुनी पद्धतही राहिली, पण एकाच मशीनसाठी दोन्ही मिसळता येत नाहीत.

या नव्या सोयीतली एक हुशारी मला खूप भावली. प्रत्येक तुकड्यासाठी पत्ता, त्यात किती विभाग आणि तुकड्याचा क्रमांक एवढं सांगायचं आहे, पण आकडा मात्र ६४ बिटांचा एकच. मग जागा कुठून आणली? पत्ता ६४ केबीच्या पटीत असला पाहिजे हा नियम आहेच. म्हणजे त्याचे शेवटचे १६ बिट नेहमी शून्य. हजाराच्या पटीतल्या रकमेचे शेवटचे तीन आकडे लिहायची गरज नसते, तसंच. त्या १६ बिटांत १२ बिट क्रमांकाला आणि ४ बिट पुढच्या उपयोगाला राखून ठेवले. वरचे १२ बिट संख्येला. मधले ३६ पत्त्याला. १२ + ३६ + ४ + १२ = ६४. एकही बिट वाया नाही.

९. सराव

१. १२८ एमबी अधिक ३२ केबी हा पत्ता गिकच्या तिसऱ्या आवृत्तीला चालेल का? दुसऱ्या आवृत्तीला?
२. ५१२ प्रोसेसरच्या पुनर्वाटप विभागांना एकूण किती एमबी लागतील?
३. टायमर, रॅम आणि वाटप विभाग यांपैकी आभासी मशीनला काय थेट द्याल? 'वारंवार' आणि 'इतरांवर परिणाम' हे दोन निकष लावून कारण लिहा. टायमरबद्दल मतभेद झाले तर उत्तमच.

पहिल्याचं उत्तर : तिसऱ्या आवृत्तीला नाही, दुसऱ्या आवृत्तीला हो. दुसऱ्याचं : ६४ एमबी. तिसऱ्याचं उत्तर देत नाही, मुलांशी बोला.

शेवटी थोडंसं

सुट्टी संपायच्या आधी तो एकदा आमच्या शाळेत आला. मी त्याला चौथीच्या वर्गात उभं केलं आणि रंगवलेली पट्टी हातात दिली. त्याने मुलांना विचारलं, "मला फक्त हिरवं द्यायचंय, पण कात्री नाही. काय करू?" एक मुलगी लगेच म्हणाली, "पट्टी देऊच नका दादा. तुमच्याकडेच ठेवा, आणि त्याला हिरव्यावरचं काय हवंय ते विचारून सांगा." केव्हीएमने शोधलेला उपाय तिने अर्ध्या मिनिटात सांगितला. तो माझ्याकडे बघून नुसता हसला.

त्याला विषय कळत नव्हता असं नाही. त्याला तो त्याच्या भाषेत कोणी विचारलाच नव्हता. आपल्याला सगळं यायलाच हवं असंही नाही. मुलासोबत बसून, न लाजता "का रे असं?" एवढं विचारता आलं तरी पुष्कळ होतं.

तुम्ही हा उपक्रम घेतलात तर मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा. विशेषतः टायमरबद्दल!